ताप आला आणि पोर शब्द विसरलं

“तिला कन्नड नीट येत नाही हो,” असं आई म्हणाली आणि वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांना ते पटलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, “निन्न हेसरु एनु?” पोरगी नुसती बघत राहिली. सात वर्षांची, जांबोटीच्या पुढच्या एका वाडीवरची, दोन दिवसांचा ताप. घरात मराठी, शाळाही मराठी. परक्या माणसानं कन्नडमधून नाव विचारल्यावर ती गप्प बसणारच, असं आम्ही धरून चाललो. मागं उभी असलेली आज्जी तेवढी पुढं आली. “मराठीत तरी कुठं बोलायलीय, बाई? सकाळपासनं चमच्याला दार म्हणायलीय. मला वळखंना झालीय.”

डॉक्टर थांबले. त्यांनी खिशातलं पेन काढून पोरीपुढं धरलं आणि मला म्हणाले, “सिस्टर, हे काय आहे ते तुम्ही मराठीत विचारा.” मी विचारलं. तिनं पेनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भलतंच काहीतरी बोलली. तो शब्द ना मराठी होता ना कन्नड. त्या संध्याकाळीच तिला मेंदूज्वराचं इंजेक्शन सुरू झालं.

बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डात २२ वर्षं नोकरी केली. आता निवृत्त होऊन खानापुरात राहते, आणि शेजारीपाजारी अजून ‘जरा बघून जावा’ म्हणून बोलावतात. ‘मुलाच्या मेंदूत ताप गेला’ हे शब्द कानावर आले की मला ती आज्जी आठवते. आपल्या या दोन भाषांच्या मुलखात एक धोका आहे, तो दुसरीकडं इतका नसेल. मूल बोलेनासं झालं तर ‘भाषा कळली नसेल’ असं समजून सगळे पुढं जातात. आणि या आजारात बोलणं बिघडणं हेच पुष्कळदा पहिलं लक्षण असतं.

आजाराचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स एन्सेफलायटिस. एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला आलेली सूज. इथल्या कन्नड कागदावर ‘मिदुळु ज्वर’ लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थही मेंदूज्वरच. मेंदूज्वराची कारणं अनेक आहेत आणि त्यांतलं हे दुर्मिळ. वर्षाला दहा लाख लोकांत दोन ते चार जणांना होतो, आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश वीस वर्षांच्या आतले असतात. इतक्या क्वचित होणाऱ्या आजारावर एवढं लिहायचं कारण असं की विषाणूंमुळं होणाऱ्या बहुतेक मेंदूज्वरांना नेमकं औषध नाही, याला आहे. पण ते औषध वेळेत पडावं लागतं.

‘हर्पिस’ हा शब्द ऐकला की बाप आईकडं बघतो आणि आई जमिनीकडं. हे मी वॉर्डात कितीदा तरी बघितलंय, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. म्हणून हे आधी सांगते. मुलांच्या मेंदूत जाणारा हर्पिस बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो ना, त्याचाच हा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पन्नाशीच्या आतल्या जगातल्या जवळजवळ दोन तृतीयांश माणसांच्या अंगात तो आहे. लहानपणी कुणीतरी मुका घेतला, कुणाच्या तरी उष्ट्या पेल्यातून पाणी प्यालं, एवढ्यानं तो येतो. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. आणि ही ‘नागीण’ही नव्हे. नागीण कांजण्यांच्या विषाणूमुळं होते. तो याच कुळातला असला तरी वेगळा. त्यामुळं ‘नागीण डोक्यात शिरली’ असं म्हणून लेप लावणाऱ्याकडं नेण्यात वेळ घालवू नका.

हा विषाणू पहिल्यांदा शिरतो तेव्हा काही मुलांच्या तोंडात फोड येतात, हिरड्या सुजतात, आठवडाभर खाणं होत नाही. बऱ्याच मुलांना तर काहीच कळत नाही. मग तो चेहऱ्याच्या नसेतून मागं सरकतो आणि कानाच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी त्या नसेची जी गाठ असते तिथं झोपून राहतो. अगदी जन्मभर. क्वचित कधी तो तिथून, किंवा नाकातल्या वासाच्या नसेवाटे, मेंदूकडं जातो. मुलांमध्ये पहिल्याच लागणीत थेट तसं झालेलंही दिसतं. गेला की तो बहुधा कानशिलाच्या आतला भाग आणि कपाळामागचा खालचा भाग धरतो. शब्द, आठवण, भीती, माणसांची ओळख, वास, यांचं काम याच भागात चालतं. म्हणून हातपाय धड असलेलं मूल एकाएकी आईला ओळखत नाही, घाबरून किंचाळतं, नसलेला वास येतो म्हणतं, चमच्याला दार म्हणतं. लहान मुलांत मेंदूचे दुसरे भागही धरले जातात, त्यामुळं प्रत्येकात चित्र असंच दिसेल असं नाही.

गावाकडं याला ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात, आणि ते का म्हणतात हे मला कळतं. कालपर्यंत खेळणारं पोर आज परक्यासारखं बघतं, असंबद्ध बोलतं. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? त्या आज्जीनंही आदल्या रात्री दृष्ट काढली होती, अंगारा लावला होता. त्यानं काही नुकसान झालं नाही, कारण सकाळी उजाडताच तिनं गाडी बघायला लावली. अंगारा लावा, पण गाडीत बसल्यावर लावा.

सगळ्यांच्या अंगात असणारा विषाणू याच मुलाच्या मेंदूत का गेला, हे आईबाप हमखास विचारतात. पॅरिसमधल्या ज्याँ-लोराँ कासानोवा यांच्या गटानं २००६ आणि २००७ साली दाखवून दिलं की यातल्या काही मुलांमध्ये जन्मतःच एका जनुकात छोटीशी त्रुटी असते. अशा मुलाला सर्दी-खोकला इतरांसारखाच होतो आणि बराही होतो. फक्त मेंदूच्या पेशींना या एका विषाणूला अडवणारी इशारत वेळेवर देता येत नाही. सगळ्याच मुलांत हे कारण सापडतं असं नाही. पण ओढ्यावर एकटं पाठवलं म्हणून झालं, थंड पाण्यानं डोकं धुतलं म्हणून झालं, यातलं काही खरं नाही.

घरच्यांनी काय बघायचं?

ताप आणि त्याबरोबर वागण्या-बोलण्यात बदल. एवढं एक लक्षात राहिलं तरी या लेखाचं काम झालं. तापात मूल मलूल असतं, चिडचिड करतं, हे खरं. पण तापाचं औषध देऊन ताप उतरला की साधं तापलेलं मूल उठून बसतं, पाणी मागतं, भावाशी भांडतं. ताप उतरूनही मूल झोपेतच असेल, हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटत असेल, भलतंच बोलत असेल, माणूस ओळखत नसेल, डोकं धरून रडत आणि ओकत असेल, एका बाजूचा हात कमी हलवत असेल, तर त्या तापाला ‘व्हायरल आहे, तीन दिवस बघू’ म्हणायचं नाही. अंगावरच्या बाळाला बोलता येत नाही. त्याचं दूध ओढणं थांबतं, रडण्याचा सूर बदलतो, डोळा एकटक एका बाजूला लागतो.

मग येते आकडी. सहा महिने ते पाच-सहा वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानंही झटका येतो आणि तो बहुतांशी निरुपद्रवी असतो. फरक असा की तापाचा साधा झटका सगळ्या अंगाला येतो, काही मिनिटांत थांबतो आणि थोड्या झोपेनंतर मूल पहिल्यासारखं होतं. या आजारातला झटका पुष्कळदा एकाच बाजूला येतो, तोंडाचा एक कोपरा किंवा एकच हात उडतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि झटका थांबल्यावरही मूल ‘परत येत’ नाही. आकडी आली की मुलाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, बोट घालू नका, पाणी पाजू नका. चप्पल हुंगवून किंवा कांदा फोडून काही होत नाही, वेळ मात्र जातो. पाच मिनिटांत थांबली नाही तर जवळच्या दवाखान्यात झटका थांबवणारं औषध मिळायलाच हवं, मग पुढचा प्रवास.

पुढचा प्रवास कुठं करायचा, हेही आपल्या भागात ठरवून ठेवलेलं बरं. अशा मुलाला मुलांचा अतिदक्षता विभाग, पाठीतलं पाणी काढण्याची सोय आणि एमआरआय एवढं एका ठिकाणी किंवा एका गावात लागतं. खानापूर, हुक्केरी आणि पलीकडचे चंदगडचे लोक बेळगावला येतात. इथं सिव्हिल आहे, वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणी-कागवाडकरांना मिरज-सांगली. आपलं राज्य कुठलं आणि दवाखान्याचं कुठलं हा वाद या आजारात करायचा नाही, जिथं लवकर पोहोचता येईल ते आपलं. पैशाचा प्रश्न खराच असतो. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि महाराष्ट्र शासनानं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. कुठल्या दवाखान्यात कुठलं कार्ड चालतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. पण आधी मुलाला दाखल करा. रेशनकार्ड मागाहून मामा घेऊन येईल. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून यायचं तर उजेडाची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

डॉक्टरांपुढं उभं राहिल्यावर एक वाक्य स्पष्ट सांगा. “हे मूल रोज नीट बोलतं, अमुक वाजल्यापासून त्याचं बोलणं बदललंय.” भाषा कुठलीही चालेल, मोडकी चालेल. शेजारच्या खाटेवरच्या कन्नड बोलणाऱ्या अक्काला सांगायला लावलं तरी चालेल. मूल काल कसं होतं हे डॉक्टरांना यंत्र सांगत नाही, तुम्हीच सांगू शकता.

पाठीतलं पाणी

इथं घरं अडतात. “पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतंय म्हणे,” हे वाक्य मी २२ वर्षांत आठवड्याला एकदा तरी ऐकलं असेल. त्या पोरीच्या बापानंही सही करायला नकार दिला. त्याच्या ओळखीत कुणाचं तरी पाणी काढलं होतं आणि तो माणूस पुढं चालला नाही. मी त्याला म्हटलं, “दादा, तो माणूस पाणी काढल्यामुळं लुळा नाही पडला. ज्या आजारासाठी पाणी काढलं, त्यानं पडला.”

मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती एक स्वच्छ पाणी खेळत असतं. मोठ्या माणसात शरीर ते दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर नव्यानं तयार करतं आणि तेवढंच जिरवतं. तपासणीला त्यातलं लागतं काही मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर. सुई घालतात ती कमरेच्या खाली, दोन मणक्यांमध्ये. पाठीच्या कण्यातली मुख्य दोरी त्याच्या वरच संपलेली असते. खाली नुसत्या सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात, त्या सुईपासून बाजूला सरकतात. मुलाला पोटात पाय घेऊन कुशीवर झोपवतात, जागा बधिर करतात. नंतर थोडी पाठ दुखते, डोकं दुखू शकतं.

काही वेळा डॉक्टरच म्हणतात, आज पाणी नको. मूल खोल बेशुद्धीत आहे, मेंदूवरचा दाब वाढल्याची खूण दिसते, रक्त गोठत नाही किंवा रक्तदाब घसरलाय, अशा वेळी आधी डोक्याचं सीटी स्कॅन आणि मुलाला सावरणं. पण तेव्हाही औषध थांबत नाही. तसं झालं तर ‘पाणी न काढताच उपचार करतायत’ म्हणून संशय घेऊ नका.

त्या चमचाभर पाण्यात काय बघतात? पांढऱ्या पेशी किती आणि कुठल्या, प्रथिनं किती, साखर किती. जिवाणूंच्या मेंदूज्वरात पाणी गढूळ येतं आणि त्यातली साखर खाली जाते. क्षयाच्या मेंदूज्वरातही साखर खाली जाते आणि प्रथिनं चढतात. हर्पिसमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, प्रथिनं थोडी वाढतात, साखर बहुधा ठीक असते. काही मुलांत पहिल्या दिवशी हे सगळंच ठाकठीक दिसतं, म्हणून एवढ्यावर कुणी ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवू नये. खरी खात्री पीसीआरनं होते. कोविडमध्ये हा शब्द घराघरात पोहोचला. इथं तीच पद्धत त्या पाण्यावर वापरतात आणि विषाणूचं जनुकीय साहित्य शोधतात. १९९० च्या दशकात ही तपासणी रुळण्याआधी खात्री करायला मेंदूचा तुकडा काढावा लागत असे. त्या मानानं चमचाभर पाणी म्हणजे फारच थोडं.

पीसीआर या आजाराला शंभरात पंचाण्णवच्या वर पकडते. पण आजार सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते. मग चित्र तसंच असेल तर तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढून तपासतात. ‘एकदा काढलं की, परत का?’ असं घरचे रागानं विचारतात. त्याचं उत्तर हे आहे.

जोडीला एमआरआय. सुरुवातीच्या दिवसांत सीटी स्कॅन स्वच्छ दिसू शकतं, एमआरआयमध्ये कानशिलाच्या आतली सूज लवकर दिसते. यंत्राचा आवाज मोठा असतो, मूल हलू नये म्हणून गुंगीचं औषध देतात. ईईजीमध्ये डोक्याला तारा लावून मेंदूचे तरंग बघतात, त्याचा शॉक बसत नाही. हे चालू असताना बाकीची कारणंही शोधली जातात: मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस, क्षय, डासांमुळं होणारा जपानी मेंदूज्वर. वाळूमाशीमुळं पसरणारा चांदीपुरा विषाणूही त्यात येतो. तो १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला म्हणून त्याला ते नाव मिळालं. घरातलं कुणी काजूच्या हंगामात दोडामार्गला किंवा गोव्यातल्या सत्तरीला कामाला जाऊन आलं असेल, मूलही बरोबर गेलं असेल, तर ते आवर्जून सांगा. त्या बाजूला माकडताप निघालेला आहे. जपानी मेंदूज्वर पावसाळ्याच्या आगेमागे वाढतो. हर्पिसला ऋतू नाही. सुगीत, उन्हाळ्यात, कधीही येतो.

मागावरचा खोटा धागा

औषधाचं नाव अ‍ॅसायक्लोव्हिर. ते रिपोर्ट येण्याची वाट बघत थांबवायचं नसतं, हे मला सगळ्यात ठासून सांगायचंय. संशय आला की सुरू, आणि रिपोर्टनं दुसरं काही दाखवलं तर बंद. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या तज्ज्ञगटानं २०१२ साली मुलांच्या मेंदूज्वराबद्दल जे मार्गदर्शन केलं, त्यातही संशय असताना अ‍ॅसायक्लोव्हिर लगेच सुरू करण्याकडंच कल आहे. दवाखान्यात आल्यापासून औषध सुरू व्हायला दोन दिवसांच्या वर गेले तर मागं राहणारं नुकसान वाढतं. शिवाय औषध सुरू झाल्यावरही काही दिवस पीसीआर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळं ‘आधी औषध दिलं तर रिपोर्ट बिघडेल’ ही भीती नको.

हे औषध काम कसं करतं, ते मला बेळगावातल्या शहापूरच्या मागावरून समजलं. माझं माहेर तिथलं. साडी विणताना धागा संपला की विणकर नव्या धाग्याचं टोक जुन्याला जोडतो आणि माग पुढं चालतो. विषाणू आपली नक्कल करताना असंच एकेक टोक जोडत जातो. अ‍ॅसायक्लोव्हिर हा खोटा धागा. एका बाजूनं जोडला जातो, पण त्याला दुसरं टोकच नाही. पुढं काही बांधता येत नाही, विणकाम तिथंच थांबतं. आणि हा खोटा धागा आपल्या चांगल्या पेशींत जवळजवळ निजूनच असतो. त्याला जागं करणारं विकर विषाणूच आपल्याबरोबर आणतो. म्हणून औषध बहुतांशी बाधलेल्या पेशींतच काम करतं. ज्या प्रयोगशाळेत ते घडलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं, जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर. आजोबा कर्करोगानं गेले ते बघून त्यांनी औषधांच्या शोधाला वाहून घेतलं होतं. वॉर्डात ती बाटली टांगताना मला त्यांची आठवण यायची.

हे औषध नव्हतं तेव्हा या आजारात दहातले सात रुग्ण दगावत. १९८४ साली स्वीडनमधल्या अभ्यासात आधीच्या औषधावर निम्मे दगावले, अ‍ॅसायक्लोव्हिरवर शंभरात एकोणीस.

मुलाला ते शिरेतूनच द्यावं लागतं. साधारण तीन महिने ते बारा वर्षांपर्यंत वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. नेमका डोस डॉक्टर ठरवतात. मुदत १४ ते २१ दिवस, लहान मुलांत बहुधा २१. म्हणजे ६३ वेळा. ‘गोळ्या द्या, घरी जातो’ हे सहाव्या-सातव्या दिवशी ठरलेलं असतं, कारण तोवर मूल उठून बसतं, पेज पितं, आणि घरी भात कापणीला आलेला असतो किंवा ऊसतोड लागलेली असते. पण गोळीतलं औषध रक्तात थोडंच उतरतं आणि मेंदूपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. अर्ध्यावर सोडलं तर आजार उलटू शकतो. काही ठिकाणी शेवटी पुन्हा पाणी काढून विषाणू गेलाय ना हे बघतात. तेही करू द्या.

त्या ६३ वेळांत घरच्यांनाही काम असतं. औषध एक तासभर हळूहळू जायला हवं. भरभर सोडलं किंवा अंगात पाणी कमी असलं तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. म्हणून सलाईन चालू ठेवतात, मूत्रपिंडं नीट चालतायत ना हे कळायला अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. लघवी किती वेळा झाली, कमी झाली का, हे आईनं वहीत मांडावं; आमच्या वॉर्डातल्या कितीतरी आया खडूनं खाटेच्या दांड्यावर रेघा मारायच्या. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून सुईची जागा लाल झाली, सुजली, मूल हात ओढून घेऊ लागलं तर मध्यरात्र असली तरी सिस्टरला उठवा. याशिवाय झटक्यांचं औषध, डोक्याकडची बाजू थोडी उंच, मेंदूची सूज उतरवणारं औषध, नाकातल्या नळीनं दूध. हे सगळं चालतं आणि ते अ‍ॅसायक्लोव्हिरइतकंच मोलाचं असतं.

भाऊबहिणींना वेगळं ठेवायची गरज नाही. मेंदूज्वर म्हणून हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. या विषाणूवर लसही नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी, आणि ती बारशाच्या आधी सांगावी अशी आहे. पहिल्या महिना-दीड महिन्यात हा विषाणू बाळाला फार जड जातो. तो जन्माच्या वेळी आईकडून येऊ शकतो, किंवा ओठावर फोड असलेल्या कुणाही मायेच्या माणसाच्या मुक्यातून. ओठावर फोड असतील तर पाळण्याशी जाऊ नये, बाळाला तोंड लावू नये. आत्या असो की आज्जी, यात मानापमान नाही. तान्ह्याला औषधाचा डोस जास्त असतो, २१ दिवस शिरेतून आणि त्यानंतर सहा महिने तोंडावाटे.

घरी गेल्यावर

हे लिहिताना मला लपवाछपवी करायची नाही. वेळेत औषध मिळूनही वाचलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत काही ना काही मागं राहतं. कुणाला आकडीचं औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, कुणाची आठवण अडखळते, कुणाला भयंकर राग येतो, कुणाचे शब्द हरवतात. यासाठी वाणीउपचार, फिजिओथेरपी, शाळेशी बोलणं, हे महिनोन् महिने चालतं आणि त्याचा उपयोगही होतो, कारण लहान मेंदू पुन्हा शिकतो. आकडीचं औषध ‘आता बरी आहे’ म्हणून आपल्या मनानं बंद करू नये.

आणि एक गोष्ट डिस्चार्जच्या घाईत बहुधा कुणी नीट सांगत नाही. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीतरी मूल पुन्हा बिघडू शकतं. झोप उडते, चिडचिड होते, बोलणं थांबतं. लहानग्यांचे हातपाय आणि तोंड आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. यात दरवेळी विषाणूच उलटलेला असतो असं नाही. शरीर आपल्याच मेंदूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, बऱ्याचदा मेंदूच्या पेशींवर संदेश झेलणाऱ्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरविरुद्ध. २०१८ साली स्पेनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आजार होऊन गेलेल्या ५१ जणांपैकी १४ जणांना असं झालं. त्याचे उपचार वेगळे: स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, आणि लागल्यास आणखी काही. विषाणू उलटलाय का प्रतिपिंडांमुळं हे झालंय, ते ठरवायला पुन्हा पाणी काढावं लागतं. म्हणून ‘आजार होताच, आता राहिलाच’ असं म्हणून घरी बसू नका. जुनी फाईल घ्या आणि त्याच डॉक्टरांकडं जा. फाईलच्या पहिल्या पानावर इंजेक्शन सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून घ्या. कन्नड डॉक्टर असोत की मराठी, आकडे सगळ्यांना वाचता येतात.

त्या पोरीच्या बापानं शेवटी सही केली होती. पीसीआर पॉझिटिव्ह आली, ६३ बाटल्या झाल्या. बाराव्या दिवशी मी चमचा दाखवून विचारलं, तर म्हणाली, “भाताचं.” आज्जीनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “निदान पोटाचं तरी ध्यानात राहिलं बघ.” पोरगी नंतर पुन्हा दुसरीतच बसली. आकडीची गोळी दोन वेळा चालू होती. संध्याकाळी दिवेलागणीला आज्जी तिला घेऊन बसायची आणि घरातली एकेक वस्तू दाखवायची: पाट, कंदील, विळी, दार. पुढच्या खेपेला तपासणीला आल्या तेव्हा मी विचारलं, कसं काय चाललंय? आज्जी म्हणाली, दाराला आता दार म्हणते. चमच्याला अजून जरा वेळ लागतोय.